निकाल मतदार यादीतच लागलेला असतो

न्यू कॅलेडोनिया या फ्रान्सच्या ताब्यातल्या बेटांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, तीनदा विचारलं, तीनदा नाही म्हणाले, आता अजून काय हवंय यांना. ऐकायला अगदी बरोबर वाटतं. २०१८, २०२० आणि २०२१ अशी तीन सार्वमतं झाली, तिन्ही वेळा फ्रान्सपासून वेगळं व्हायला बहुमताने नकार मिळाला, लोकशाही म्हणजे हेच ना, मग मे २०२४ मध्ये नुमेआ शहर का पेटलं आणि १४ माणसं का मेली. मला हे वाक्य खटकतं. का खटकतं ते जरा सविस्तर लिहायचंय, कारण आपल्याकडे या बेटांबद्दल बातमी येते ती जाळपोळ झाली की, आणि चार दिवसांत विषय बंद होतो.

आधी जागा नीट समजून घेऊ. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला, पॅरिसपासून जवळपास १७,००० किलोमीटरवर एक लांबोडकं मोठं बेट आणि आजूबाजूला छोटी बेटं, तिथे निकेलचे जगातल्या मोठ्यांत मोजले जाणारे साठे, आणि लोकसंख्या २०१९ च्या जनगणनेत २ लाख ७१ हजार, म्हणजे आपल्या एखाद्या मध्यम शहराएवढी. त्यात मूळचे कनाक लोक ४१ टक्के, युरोपियन २४ टक्के, बाकी वालिस-फुतुना आणि ताहिती या दुसऱ्या बेटांवरून आलेले, जावा आणि व्हिएतनामच्या मजुरांची नातवंडं, मिश्र घरातली माणसं. कनाक भाषाच २८ आहेत. आता हा ४१ चा आकडा डोक्यात ठेवा, कारण सगळं भांडण शेवटी त्याच्यावर येऊन थांबतं. आपल्याच भूमीवर हे लोक निम्म्याहून कमी कसे झाले, हे विचारल्याशिवाय सार्वमताच्या टक्केवारीला काही अर्थच राहत नाही.

फ्रान्सने १८५३ मध्ये बेट ताब्यात घेतलं आणि १८६४ पासून तिथे कैदी पाठवायला सुरुवात केली, काळ्या पाण्यासारखंच. पॅरिस कम्यून नावाच्या उठावातले हजारो बंडखोर तिकडे गेले, अल्जीरियातल्या १८७१ च्या उठावातले लोक गेले. सुटलेल्या कैद्यांना आणि वसाहतकऱ्यांना जमिनी दिल्या गेल्या, म्हणजे कनाकांच्याच जमिनी, आणि त्यांची गुरं मोकाट सुटायची ती कनाकांच्या सुरणासारख्या कंदांच्या आणि अळूच्या वाफ्यांत. हा कंद म्हणजे नुसतं खाणं नाही, त्यांचं वर्षच त्याच्या लावणी-काढणीवर चालतं, लग्नात, मयतात, भेटीत तो द्यावा लागतो. अताई नावाच्या प्रमुखाची गोष्ट तिथे अजून सांगतात, तो गव्हर्नरपुढे गेला, एका पिशवीतून माती ओतली, म्हणाला हे आमच्याकडे होतं, दुसऱ्या पिशवीतून दगड ओतले, म्हणाला हे तुम्ही आम्हाला ठेवलंत. कुंपण घाला असं सांगितलं तर म्हणाला, माझा अळू तुमची गुरं खायला जाईल त्या दिवशी घालीन कुंपण. १८७८ मध्ये त्याने उठाव केला आणि तो मारला गेला, मारणारे फ्रेंचांच्या बाजूने लढणारे, कानाला नावाच्या भागातले कनाकच होते, हेही लपवायचं कारण नाही. त्याचं डोकं कापून पॅरिसला नेलं, कवटी तिथल्या संग्रहालयाच्या साठ्यात गेली, आणि ती परत मिळाली २०१४ मध्ये. १३६ वर्षं एका माणसाचं डोकं दुसऱ्या देशाच्या कपाटात होतं.

‘कनाक’ शब्दाचंही सांगायला हवं. कनाका म्हणजे हवाईच्या भाषेत माणूस, बस, साधा माणूस. खलाशांनी आणि व्यापाऱ्यांनी तो शब्द सगळ्या पॅसिफिकभर नेला आणि न्यू कॅलेडोनियात फ्रेंचांच्या तोंडी त्याची शिवी झाली. १९७० च्या दशकात तरुण पोरांनी तीच शिवी उचलली, स्पेलिंग बदललं, आणि हे आमचं नाव म्हणून सांगायला लागले.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो वरवर बिनतोड वाटतो, की २८ भाषा बोलणारी, आपसात लढणारी ही माणसं एक लोक कधी होती, कनाक ही ओळखच मुळी अलीकडे बनवलेली आहे. मान्य, बनली आहे. पण बनवली कोणी ते बघा ना. १८८७ मध्ये फ्रान्सने या सगळ्यांना एकाच ‘नेटिव्ह’ कायद्याखाली आणलं, राखीव जमिनींवर कोंबलं, परवानगीशिवाय बाहेर पडायला बंदी, सगळ्यांवर डोईपट्टी, सक्तीची मजुरी, आणि हे १९४६ पर्यंत चाललं. लिफू बेटावरचा माणूस असो की मोठ्या बेटावरच्या येंगेनचा, पोलिसाच्या वहीत तो एकच होता. सहा दशकं एकाच दावणीला बांधायचं आणि मग त्यांनी एकत्र मान वर केली की म्हणायचं तुम्ही तर एक नाहीच, हा कुठला न्याय? जुलमाखाली तयार झालेली ओळख खोटी ठरत नाही. आणि ती किती ताजी जखम आहे ते बघायचं असेल तर १९३१ घ्या, पॅरिसच्या वसाहत प्रदर्शनाच्या वेळी कनाक बायकापुरुषांना नरभक्षक म्हणून लोकांसमोर बसवलं, त्यातले काही जण मगरींच्या बदल्यात जर्मनीला खेळ करायला पाठवले. १९९८ चा फुटबॉल वर्ल्ड कप जिंकलेल्या फ्रान्सच्या टीममधला क्रिस्तियाँ कारेंब्यू आठवत असेल, लिफू बेटाचा, त्याचे पणजोबा त्या प्रदर्शनात होते. तो मॅचच्या आधी फ्रान्सचं राष्ट्रगीत म्हणायचा नाही. लोकांना राग यायचा. मला ते कळल्यावर त्या न म्हणण्यातलं सगळं समजलं.

आता ४१ टक्क्यांकडे परत. १९६० च्या दशकाच्या शेवटी निकेलचा भाव चढला, फ्रान्समधून आणि बाकी बेटांवरून लोक यायला लागले. १९७२ मध्ये फ्रान्सचे पंतप्रधान पिएर मेस्मेर यांनी आपल्या मंत्र्याला पत्र लिहिलं, ते पुढे बाहेर आलं. आशय असा, की कॅलेडोनियातल्या फ्रेंच सत्तेला धोका असेल तर तो मूळ रहिवाशांच्या राष्ट्रवादाचाच, आणि दीर्घकाळात तो टाळायचा तर पॅसिफिकबाहेरून आलेल्यांची संख्या तिथे बहुसंख्य व्हायला पाहिजे, त्यासाठी फ्रेंच नागरिकांनी तिथे मोठ्या प्रमाणात जावं. हे कुठल्या कट्टर कनाकाने पसरवलेलं नाही, खुद्द पंतप्रधानांच्या सहीचं आहे. म्हणजे मतदारसंख्या ही आपोआप घडलेली गोष्ट नव्हती, ती धोरण म्हणून ठरवलेली होती. मला वाटतं या एका पत्रानंतर ‘एक माणूस एक मत, त्यात काय चुकलं’ हा युक्तिवाद न्यू कॅलेडोनियात तसाच्या तसा चालत नाही. आधी माणसं आणून ठेवायची, मग म्हणायचं चला आता मोजू.

पण कनाकांनी काय केलं ते बघा. १९८३ मध्ये पॅरिसजवळ नँव्हील-ले-रोश इथे बैठक झाली. फ्रान्सने कनाकांचा स्वातंत्र्याचा जन्मजात हक्क मान्य करायचा होता, आणि त्याच बैठकीत कनाक नेत्यांनी तो हक्क वाटून घ्यायची तयारी दाखवली, ज्यांना इतिहासाने इथे आणून टाकलं त्यांच्याबरोबर. इतिहासाचे बळी असा शब्द वापरला त्यांनी. कैद्यांची पोरं, जावाच्या मजुरांची नातवंडं, ज्यांना दुसरं घरच नाही ती माणसं. स्वतःच्या भूमीवर अल्पसंख्य झालेल्या लोकांनी असं म्हणणं ही लहान गोष्ट नाहीये. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा थांबून परत वाचलं. जे लोक आज म्हणतात कनाकांना रक्तावर मतदान हवंय, त्यांनी हे एकदा वाचावं, कारण दार त्यांनीच उघडलं होतं, फक्त दार आहे आणि ते आमचं आहे एवढं मान्य करा असं त्यांचं म्हणणं होतं.

त्यानंतरची पाच वर्षं फार वाईट गेली. नोव्हेंबर १९८४ मध्ये एलोआ माशोरोने कानालाच्या मतदान केंद्रात शिरून कुऱ्हाडीने मतपेटी फोडली, तो फोटो जगभर गेला. लोकशाहीचा शत्रू म्हणून तो दाखवतात. मला त्या फोटोत दुसरं काहीतरी दिसतं, त्या पेटीत कोणाकोणाची मतं पडणार हे ज्याला आधीच माहीत आहे त्याचा संताप दिसतो. दोन महिन्यांत पोलिसांच्या नेमबाजांनी त्याला मारलं. मधल्या डिसेंबरमध्ये येंगेनजवळ रात्री मीटिंगहून परतणाऱ्या कनाकांवर वसाहतकऱ्यांनी दबा धरून गोळ्या झाडल्या, दहा मेले, त्यातले दोघे ज्याँ-मारी चिबाऊ यांचे भाऊ, चिबाऊ म्हणजे स्वातंत्र्यवादी आघाडीचे नेते. मारेकरी कोर्टात सुटले. १९८७ मध्ये घाईने एक सार्वमत घेतलं, तीन वर्षं राहिलेल्या कोणालाही मत, कनाकांनी बहिष्कार टाकला, ९८ टक्के लोक म्हणाले फ्रान्सबरोबर राहायचं. ९८ टक्के! आणि पुढच्याच वर्षी उवेआ बेटावर कनाकांनी पोलिस ओलीस धरले, त्यांना ठेवलेल्या गुहेवर सैन्याने हल्ला केला, १९ कनाक आणि २ सैनिक मेले. ९८ टक्क्यांचा निकाल आठ महिनेसुद्धा टिकला नाही.

आणि तरीही जून १९८८ मध्ये चिबाऊंनी झाक लाफ्लर या फ्रान्सवादी नेत्याचा हात हातात घेतला. ज्याच्या दोन भावांना मारून साडेतीन वर्षं झालीत, ज्याच्या भावांचे मारेकरी मोकळे फिरतायत, तो माणूस. वर्षाच्या आत, ४ मे १९८९ ला, त्यांना त्यांच्याच एका माणसाने गोळी घातली, तो उवेआचाच होता आणि त्याला वाटलं आपल्याला विकलं. एवढी किंमत मोजून जो समझोता झाला त्याच्यावर १९९८ चा नुमेआ करार उभा आहे.

त्या करारात काय होतं? वसाहतवादाने कनाकांकडून त्यांची ओळख हिरावली हे फ्रान्सने लिहून मान्य केलं, २० वर्षांत सार्वमताचा शब्द दिला, न्यू कॅलेडोनियाचं वेगळं नागरिकत्व आणलं, आणि कळीची गोष्ट, मतदार यादी. प्रांतिक निवडणुकांसाठी १९९८ च्या आधीपासून असलेले आणि त्यांची मुलं, आणि सार्वमतासाठी त्याहून वेगळी यादी, ज्यात बाहेरून आलेल्यांना वीस वर्षांचा रहिवास लागायचा. २००७ मध्ये यादी गोठवण्याची ही गोष्ट फ्रान्सच्या घटनेत घातली गेली. त्याआधी काही फ्रेंच नागरिक तक्रार घेऊन गेलेही होते, की आम्ही फ्रान्सचे आणि फ्रान्सच्याच भूमीवर आम्हाला मत नाही. २००२ मध्ये युनोच्या मानवाधिकार समितीने आणि २००५ मध्ये स्ट्रासबर्गच्या युरोपियन कोर्टाने त्यांचं म्हणणं फेटाळलं. समितीचं म्हणणं साधारण असं, की निकष वंशाचा नाही, त्या भूमीशी किती घट्ट नातं आहे याचा आहे, आणि आत्मनिर्णयाच्या प्रक्रियेत असा निकष चालतो. म्हणजे हा काही बेटावरच्या चार जणांचा हट्ट नव्हता.

मग सार्वमतं झाली. २०१८ मध्ये स्वातंत्र्याच्या बाजूने ४३ टक्के, २०२० मध्ये ४६.७ टक्के, मतदान ८५ टक्क्यांच्या वर. फरक किती राहिला होता माहितीये? ९,९७० मतं. दोन वर्षांत एवढा जवळ आला होता आकडा. तिसरं सार्वमत २०२१ मध्ये. फ्रान्सच्याच आधीच्या पंतप्रधानांनी २०१९ मध्ये सांगितलं होतं की सप्टेंबर २०२१ ते ऑगस्ट २०२२ या काळात ते घ्यायचं नाही, फ्रान्सच्या अध्यक्षीय निवडणुकीत ते अडकायला नको. तरी नंतरच्या सरकारने तारीख ठेवली १२ डिसेंबर २०२१. आणि सप्टेंबरमध्ये बेटावर कोरोना शिरला. अडीचशेच्या वर माणसं गेली, त्यातले निम्म्याहून जास्त मूळचे बेटवासी. तिकडे मयताचे विधी एका दिवसात आटपत नाहीत, गोत गोळा होतं, देणं-घेणं होतं, दिवसच्या दिवस जातात. प्रमुखांच्या परिषदेने वर्षभराचं सुतक जाहीर केलं. कनाक पक्ष हात जोडून म्हणाले, पुढे ढकला. नाही ढकललं. मग ते मतदानाला गेलेच नाहीत, मतदान ४४ टक्क्यांच्या आत, कनाकबहुल लॉयल्टी बेटांवर तर ५ टक्क्यांच्याही खाली, आणि निकाल ९६.५ टक्के फ्रान्सबरोबर. १९८७ ची कार्बन कॉपी. आपल्या घरात सुतक असताना कोणी सातबारावर सह्या करा म्हणून दारात उभा राहिला तर आपण काय म्हणू?

तर हे तिसरं ‘नाही’ मी मोजत नाही, आणि ते मोजून जे ‘तीनदा’ म्हणतात त्यांनी निदान हा महिना कुठला होता ते सांगावं.

इथे मला माझ्या आजीची आठवण येते. तिचं माहेर डिचोलीचं, लग्न होऊन गिरगावात आली. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत कौल झाला, महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं, फूल की दोन पानं. आजीला फुलावर शिक्का मारायचा होता आणि तिचं नाव यादीत नव्हतं, कारण ती मुंबईत. तिच्या दोन्ही भावांनी मत दिलं. ती शेवटपर्यंत म्हणायची, घर माझंपण होतं आणि मला कोणी विचारलं नाही. दोन पानांना १ लाख ७२ हजार, फुलाला १ लाख ३८ हजार, ३४,०२१ मतांनी विलीनीकरण पडलं, आणि बाहेरच्या गोवेकरांना मत असतं तर काय झालं असतं यावर आमच्या घरात पुढची वीस वर्षं वाद झाले. त्यामुळे यादीबाहेर राहणं म्हणजे काय ते मला पुस्तकातून समजलेलं नाही. नुमेआत पंधरा-वीस वर्षं राहिलेली, तिथेच पोरं शाळेत घालणारी नर्स किंवा मेकॅनिक जेव्हा म्हणतो की मला प्रांताच्या निवडणुकीत मत का नाही, तेव्हा मी त्याला वसाहतवादी म्हणून झटकू शकत नाही. एकूण मतदारांत अशांचं प्रमाण १९९९ मध्ये साडेसात टक्के होतं, २०२३ पर्यंत १९ टक्क्यांवर गेलं. दुखतंच ते.

पण त्याच गोव्याची दुसरी गोष्टही तेवढीच खरी आहे. कौलाच्या आधी बांदोडकरांच्या सरकारने राजीनामा दिला. राष्ट्रपती राजवट आली, मग मतदान झालं. कारण बांदोडकरांचा पक्ष विलीनीकरणाच्या बाजूचा, आणि खेळणाऱ्यानेच शिट्टी फुंकायची हे विरोधकांना मान्य नव्हतं, बरोबरच होतं त्यांचं. आजी निकालावर चिडली पण फसवलं असं कधी म्हणाली नाही. यादी कोणाची, हे आधी ठरलं होतं, मध्येच बदललं नाही. न्यू कॅलेडोनियात शिट्टी कोणाकडे आहे? फ्रान्सकडे. तारीख कोण ठरवतं, फ्रान्स. यादी कोण बदलतं, फ्रान्सची संसद, जिच्या कनिष्ठ सभागृहात ५७७ पैकी या बेटांचे खासदार दोन. आणि १४ मे २०२४ च्या रात्री त्या सभागृहाने ३५१ विरुद्ध १५३ मतांनी घटनादुरुस्तीचं विधेयक मंजूर केलं, दहा वर्षं राहिलेल्यांना प्रांतिक मतदानाचा हक्क, म्हणजे साधारण २५,००० नवे मतदार. आता ते ९,९७० परत काढा आणि या २५,००० च्या शेजारी ठेवा. निवडणूक वेगळी आहे हे मला माहीत आहे, प्रांतिक यादी आणि सार्वमताची यादी एक नाही, पण प्रांतिक सभांमधूनच तिथली काँग्रेस, म्हणजे विधिमंडळ, बनते, आणि पुढचं काय ते वाटाघाटीत ठरवणारी माणसं तिथूनच येतात. कनाकांना गणित कळतं. १९७२ चं पत्रही त्यांना पाठ आहे.

जे झालं त्यातलं सगळं मी पाठीशी घालणार नाही. दुकानं, कारखाने, दवाखाने जाळले, नुकसान दोन अब्ज युरोच्या वर, हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या आणि त्यात कनाक घरंच भरपूर. एखाद्या आजारी बाईला रस्त्यातल्या अडथळ्यांमुळे हॉस्पिटल गाठता येत नाही, ती कुठल्या बाजूची आहे याला काय अर्थ उरतो. पण सरकारने केलं काय, आणीबाणी लावली, टिकटॉक बंद केलं, आंदोलनाचे नेते क्रिस्तियाँ तेईन यांना पकडून १७,००० किलोमीटरवर फ्रान्समधल्या मुलूझच्या तुरुंगात नेऊन ठेवलं, जवळजवळ वर्षभर. कोणे एके काळी फ्रान्समधून बंडखोर या बेटावर पाठवायचे, आता बेटावरून तिकडे. तुरुंगात असतानाच स्वातंत्र्यवादी आघाडीने तेईन यांना अध्यक्ष केलं. आणि ती दुरुस्ती शेवटी सरकारलाच गुंडाळावी लागली.

हा यादीचा प्रश्न एकट्या कनाकांचा नाही. हवाईत १९५९ मध्ये मतदान झालं, राज्य व्हायचं का, हो किंवा नाही. स्वतंत्र व्हायचं का हा पर्यायच कागदावर नव्हता, आणि मत होतं तिथे राहणाऱ्या अमेरिकन नागरिकांना, बाहेरून येऊन स्थायिक झालेल्यांनाही. ९४ टक्के हो. त्याच वर्षी हवाई युनोच्या वसाहतींच्या यादीतून बाहेर. पश्चिम पापुआत १९६९ मध्ये इंडोनेशियाने यादी उलट्या बाजूने आवळली, आठ लाखांच्या आसपास लोकांच्या वतीने हजारएक निवडलेली माणसं उभी केली आणि सगळ्यांनी एकमताने हो म्हटलं. अमेरिकेच्या ताब्यातल्या ग्वाम बेटावर तर अजून वेगळंच, तिथल्या मूळच्या चामोरो लोकांनी ठरवलं की बेटाचं पुढे काय यावर मूळ रहिवाशांचा नुसता कौल घेऊ, बंधनकारकही नाही, तर बाहेरून येऊन राहिलेल्या एका अमेरिकनाने केस केली, आणि २०१९ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं हा वंशभेद आहे. म्हणजे ज्यांची भूमी घेतली त्यांनी आपल्याला काय वाटतं हे वेगळं विचारणंसुद्धा बेकायदा. समानतेचा कायदा, जो दुबळ्याला वाचवायला आला, तोच त्याच्यावर चालवला. आणि एक उदाहरण बरं झालेलं, पापुआ न्यू गिनीतलं बूगनव्हिल बेट, २०१९, तिथे दीर्घ यादवीनंतर करार झाला, दोन्ही बाजूंनी मिळून आयोग नेमला, बाहेर राहणाऱ्या बूगनव्हिलच्या लोकांनाही यादीत घेतलं, ९८ टक्के स्वातंत्र्याच्या बाजूने. पुढची वाट अजून अडलेली आहे, पण यादीवर कोणी बोट ठेवत नाही.

माझं म्हणणं सोपं आहे. वसाहत झालेल्या भूमीवर आत्मनिर्णयाचा हक्क त्या वेळी तिथे हजर असलेल्या गर्दीचा नसतो, तो ज्यांच्याकडून काढून घेतला त्यांचा असतो, आणि त्यात कोणाला सामील करून घ्यायचं हे त्यांच्या संमतीने ठरायला हवं. कनाकांच्या गावात पाहुणा म्हणून गेलात तर आधी कापडाचा तुकडा, थोडी तंबाखू, एखादी नोट समोर जमिनीवर ठेवायची, मी कोण, कुठून आलो, कशासाठी आलो ते बोलायचं, मग घरातला मोठा माणूस बोलतो आणि ते उचलतो, मग तुम्ही आत. ‘कुतूम’ म्हणतात त्याला, फ्रेंच शब्द, पण रीत त्यांची. याला पाच मिनिटं लागतात. बेटावर जन्मलेल्या, तिथेच मरणार असलेल्या गोऱ्या, वालिसी, व्हिएतनामी माणसाला ते नाकारणार नाहीत हे १९८३ ला सांगून झालंय. म्हणूनच माझ्या मते तिथे जन्मलेल्या मुलांना यादीत घेणं योग्यच आहे, आणि ते घेण्याबद्दल कनाक नेत्यांशी बोलणीही होऊ शकतात, होत आलीही आहेत. जे चालणार नाही ते म्हणजे पॅरिसमध्ये रात्री मतदान करून सकाळी त्यांना सांगणं की घरात आता एवढी माणसं वाढली.

जुलै २०२५ मध्ये बूझिव्हाल इथे नवा करार झाला, फ्रान्सच्या आतच ‘न्यू कॅलेडोनियाचं राज्य’, वेगळं राष्ट्रीयत्व, आणि जगभर बातम्या आल्या की ऐतिहासिक तोडगा निघाला. ऑगस्टमध्ये स्वातंत्र्यवादी आघाडीने तो नाकारला. मला आश्चर्य वाटलं नाही, स्वातंत्र्याकडे जायची वाटच त्यात त्यांना दिसली नाही. मे २०२४ मध्ये ठरलेल्या प्रांतिक निवडणुका तोपर्यंत पुढे ढकलणं चालूच होतं, डिसेंबर २०२४, मग नोव्हेंबर २०२५, मग २०२६. त्या होतील तेव्हा कोण किती जागा जिंकलं हे सगळे बघतील. मी आधी मतदारांचा एकूण आकडा बघणार आहे, आणि तो मागच्या आकड्याहून किती वाढला, कोणाच्या सहीने वाढला, ते.